सापेक्ष आणि निरपेक्ष आर्द्रता : टक्के नेमके कशाचे?

मे महिन्यात सोलापूरची आर्द्रता सकाळी ४५ आणि दुपारी २० टक्के असल्याचे वाचले, तर एवढ्या वेळात हवेतले निम्म्याहून अधिक पाणी कुठे जाते, अशी विचारणा एका वाचकांनी केली आहे. बहुधा ते कुठेही जात नाही. बातमीतले टक्के सापेक्ष आर्द्रतेचे असतात आणि ‘आर्द्रता’ एवढाच सुटा शब्द छापल्यामुळे हा गैरसमज होतो.

‘निरपेक्ष प्रेम’ म्हणताना ‘अपेक्षा’ या शब्दाचा जो अर्थ मनात येतो, तो इथे बाजूला ठेवावा. परिभाषेत सापेक्ष म्हणजे दुसऱ्या कशाच्या तरी संदर्भाने मोजलेले आणि निरपेक्ष म्हणजे तसा संदर्भ न घेता मोजलेले. एक घनमीटर हवेत किती ग्रॅम बाष्प आहे, हे निरपेक्ष आर्द्रता सांगते. त्याच तापमानाला हवा संपृक्त, म्हणजे आणखी बाष्प मावणार नाही इतकी भरलेली, असती तर जेवढे बाष्प असते, त्याच्या किती टक्के बाष्प प्रत्यक्षात आहे, हे सापेक्ष आर्द्रता सांगते. संपृक्ततेची ही मर्यादा तापमानाबरोबर झपाट्याने वाढते : २५ अंश सेल्सियसला ती घनमीटरमागे सुमारे २३ ग्रॅम असते, तर ४० अंशांना सुमारे ५१ ग्रॅम. त्यामुळे दहा ग्रॅमच्या थोडे वर असलेले बाष्प सकाळच्या २५ अंशांना ४५ टक्क्यांच्या जवळ भरते आणि दुपारच्या ४० अंशांना तेच बाष्प २० टक्के ठरते.

सोलापुरात हा भेद केवळ पुस्तकी नाही. चादरी आणि टॉवेल विणताना सुती धाग्यात किती ओलावा राहील, हे मुख्यतः सापेक्ष आर्द्रतेवर ठरते. म्हणून हवेतले बाष्प तेवढेच असूनही दुपारी धागा कोरडा पडतो, त्याची ताकद घटते आणि माग चालू असताना ताण्याचे, म्हणजे मागावरचे उभे, धागे तुटू लागतात. त्यावर उपाय म्हणून कारखान्यात पाण्याचे बारीक तुषार सोडले, की मात्र निरपेक्ष आर्द्रताही खरोखर वाढते.

तेव्हा टक्के लिहायचे असतील तिथे ‘सापेक्ष आर्द्रता’ असे पूर्ण लिहावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. निव्वळ टक्के उतरले म्हणून ‘हवेतले बाष्प घटले’ असे विधान करू नये. त्यासाठी दवबिंदू, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत थंड झाली की तिच्यातल्या बाष्पाचे दव होऊ लागते ते तापमान, पाहावा. वरच्या उदाहरणात तो सकाळी आणि दुपारीही १३ अंशांच्या आसपासच राहतो.