फ्लोरिडात ज्युरीने फाशी सुचवली, तरी सुप्रीम कोर्टाने ती पद्धत का रद्द केली?

कारण तिथे ज्युरी फक्त 'सुचवत' होती. 'हर्स्ट विरुद्ध फ्लोरिडा' या खटल्यात १२ जणांच्या ज्युरीने ७ विरुद्ध ५ मतांनी मृत्युदंड सुचवला. पण ती शिक्षा देण्यासाठी कायद्याला लागणारी गोष्ट, म्हणजे गुन्हा विशेष गंभीर ठरवणारी परिस्थिती, सिद्ध झाली की नाही हे न्यायाधीशच ठरवत. ज्युरीने कोणती परिस्थिती मान्य केली, हे नोंदवायचीही गरज नव्हती! जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ८ विरुद्ध १ मतांनी सांगितलं की हे घटनेच्या सहाव्या दुरुस्तीविरुद्ध (म्हणजे ज्युरीसमोर खटला चालण्याच्या हक्काविरुद्ध) आहे. नुसती शिफारस पुरेशी नाही. निकाल न्या. सोटोमायोर यांचा, विरोधात एकटे न्या. अलिटो. याचा पाया २००२ च्या 'रिंग विरुद्ध ॲरिझोना' निकालातच घातला गेला होता: मृत्युदंडासाठी लागणारी अशी परिस्थिती न्यायाधीशाने नव्हे, ज्युरीने ठरवायला हवी.

गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा) ज्युरीचं एकमत हवंच, असं या निकालात म्हटलेलं नाही. फ्लोरिडाने २०१७ मध्ये एकमताची अट घातली आणि २०२३ मध्ये काढूनही टाकली. आता १२ पैकी ८ मतं पुरतात. मला हे पटत नाही: दोषी ठरवायला बाराही जण हवेत, आणि जीव घ्यायला आठ?

आपल्याकडे ज्युरी कधीच गेली, त्यामुळे हा प्रश्न उद्भवत नाही.