नकाशावर आधी सपाट पट्टे शोधा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: जानेवारीच्या शेवटी आठ दिवस स्नोबोर्डिंगची सहल, पाच जण. दोघांनी बोर्डवर कधी पायच ठेवलेला नाही, दोघांना ब्लू रन (निळ्या खुणेचे, फार अवघड नसलेले उतार) आरामात जमतात आणि एकाला दिवसभर पार्कात, म्हणजे उड्यांसाठी बांधलेल्या बर्फाच्या उंचवट्यांवर, उड्या मारायच्या आहेत. जपानचं निसेको, कॅनडाचं व्हिसलर आणि फ्रान्सचं व्हाल तोरांस या तिघांत गाडी अडली आहे. त्यातही उतारांची लांबी '६०० किलोमीटर' वाचल्यापासून व्हाल तोरांसचं पारडं जड झालंय.

मग त्या ६०० किलोमीटरपासूनच सुरुवात करतो. हा आकडा एकट्या व्हाल तोरांसचा नाही. लिफ्टने एकमेकांना जोडलेल्या 'ट्रुआ व्हाले' या सगळ्या दऱ्यांचा मिळून आहे. तुमचे नवशिके पहिले चार दिवस एकाच उतारावर वर-खाली करणार. ब्लूवाले दोघं फार तर एकदा शेजारच्या दरीत डोकावतील, आणि परतीची शेवटची लिफ्ट चुकू नये म्हणून दुपारपासून घड्याळ बघत बसतील. चुकली तर रस्त्याने डोंगराला भला मोठा वळसा पडतो. किलोमीटर मोजून रिसॉर्ट निवडणं म्हणजे पानं मोजून पुस्तक घेणं.

आता जे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं ते. स्कीवाल्याच्या हातात काठ्या असतात; सपाट जागा आली की दोन दणके मारून तो पुढे जातो. आपले दोन्ही पाय एकाच फळीला आडवे बांधलेले. वेग संपला की संपलंच! मग खाली बसा, मागच्या पायाचं बाइंडिंग (बूट फळीला बांधणारी पकड) सोडा, एक पाय ढकलत लंगडत चला, पुढे पुन्हा बांधा. माझ्या पहिल्या मोठ्या सहलीत आम्ही असंच 'प्रचंड मोठं' रिसॉर्ट निवडलं होतं. दोन डोंगरांना जोडणारी एक वाट जवळजवळ सपाट होती आणि मुक्कामी परतायला तीच एक वाट. रोज संध्याकाळी बोर्ड काखेत मारून आमची वरात निघायची आणि बाजूने पाच-सहा वर्षांची पोरं स्कीवरून सुळकन पुढे जायची. चौथ्या दिवशी आमच्यातल्या एकाने त्या बाजूला जायचंच बंद केलं. म्हणजे पास अख्ख्या रिसॉर्टचा आणि वापर निम्म्याचा.

रिसॉर्टचा रंगीत नकाशा यात फारसा कामाचा नाही. तो चित्रकाराने सुंदर दिसेल असा काढलेला असतो, त्यात सपाटीसुद्धा उतारासारखी दिसते. समोच्च रेषांचा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा) नकाशा उघडा. जिथे रन त्या रेषांना समांतर धावतो किंवा रेषा एकमेकींपासून लांब लांब जातात, तिथे तुम्ही चालणार आहात. रनच्या नावात 'ट्रॅव्हर्स' किंवा 'रोड' दिसलं तरी सावध व्हा. सोबत लिफ्टचे प्रकारही तपासा. चेअरलिफ्ट (टांगती खुर्ची) आणि गोंडोला (बंद पाळणा) असेल तर प्रश्न नाही. टी-बार आणि बशीसारखी चकती मांड्यांमध्ये धरून वर खेचणाऱ्या लिफ्ट बोर्डवाल्याला तिरकं उभं राहून झेलाव्या लागतात, आणि नवशिका त्यावरून हमखास पडतो. शिकायच्या उतारावर फक्त असली खेचणारी लिफ्ट असेल तर ते रिसॉर्ट यादीतून काढा. तिथे सरकता पट्टा हवा.

(जाता जाता: अमेरिकेतल्या आल्टा, डिअर व्हॅली आणि मॅड रिव्हर ग्लेन या तीन ठिकाणी स्नोबोर्डला आजही बंदी आहे. फोटो बघून भाळू नका.)

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी: रिसॉर्ट त्याच्या सर्वांत वाईट दिवसावरून निवडा. निळं आकाश असेल तेव्हा सगळेच डोंगर छान असतात. पण आठ दिवसांत दोन-तीन दिवस तरी वारा, ढग किंवा जोरदार बर्फ असणारच. वारा वाढला की सर्वांत वरच्या लिफ्ट आधी बंद होतात. ढग उतरले की उजेड असा सपाट होतो की बर्फ कुठे संपतो आणि आकाश कुठे सुरू होतं ते कळत नाही. उभे आहात की सरकताय याचाही अंदाज चुकतो. अशा वेळी झाडं वाचवतात. काळ्या बुंध्यांमुळे डोळ्यांना उतार समजतो आणि वाराही अडतो.

व्हाल तोरांस इथे मार खातं. गाव २,३०० मीटरवर, युरोपातलं सर्वांत उंच स्की रिसॉर्ट. बर्फाची खात्री त्यामुळेच, पण ते वृक्षरेषेच्याही वर आहे, म्हणजे जिथे झाडं उगवतच नाहीत अशा उंचीवर. दाट ढगात झाडाचा आधार हवा असेल तर खालच्या गावांकडे जावं लागतं. नवशिक्यांना त्या पांढऱ्या पोकळीत उभं करणं म्हणजे त्यांना या खेळाचा कायमचा तिटकारा आणणं. एप्रिलमध्ये जाणार असतात तर मीच व्हाल तोरांस सुचवलं असतं, कारण तेव्हा उंचीच बर्फ टिकवते. जानेवारीत त्या उंचीसाठी इतकी किंमत मोजायची गरज नाही.

व्हिसलरचं उलटं आहे. गाव जेमतेम ६७५ मीटरवर आणि जोडीच्या ब्लॅककोम डोंगरावर लिफ्ट २,२८४ मीटरपर्यंत जाते. समुद्र जवळ, त्यामुळे खाली पाऊस आणि वर बर्फ असा प्रकार भर हिवाळ्यातही होतो. खिडकीतून पाऊस बघून खट्टू होऊ नका, वर जाऊन बघा. झाडं भरपूर, पार्क उत्तम, आणि २००८ मध्ये सुरू झालेल्या ४.४ किलोमीटरच्या 'पीक टू पीक' गोंडोलामुळे एका डोंगरावरून दुसऱ्यावर जायला दरीत उतरावं लागत नाही. पार्कवाल्या मित्राचं मत घेतलंत तर तो डोळे मिटून व्हिसलर म्हणेल.

निसेकोचा डोंगर उंचीला अगदीच साधा, माथा १,३०८ मीटर. पण सैबेरियाकडून येणारी गार हवा जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प उचलते आणि होक्काइदोच्या डोंगरांना धडकली की तिथे ते बर्फ होऊन पडतं. जानेवारीत हे चक्र क्वचितच थांबतं, त्यामुळे ऊन विसरा. बर्फ मात्र कोरडा, हलका आणि रोज नवा. बर्चची झाडं विरळ, त्यामुळे उजेड सपाट असला तरी वाट दिसते. माथ्यावरच्या लिफ्ट वाऱ्याने बंद पडतात हे खरं, पण खाली करण्यासारखं पुष्कळ उरतं.

उंचीचं एक सांगायचं राहिलं. तुमच्या तिन्ही नावांत विरळ हवेचा त्रास फारसा नाही, पण पुढेमागे कोणी कोलोराडो सुचवलं तर लक्षात ठेवा: ब्रेकेनरिजचं गावच सुमारे २,९२६ मीटरवर आहे आणि सर्वांत वरची लिफ्ट ३,९१४ मीटरपर्यंत जाते. तिथे पहिल्या दोन रात्री डोकेदुखी आणि उडालेली झोप यात जाऊ शकतात. आठ दिवसांच्या सहलीत हे महागात पडतं.

रंगांवर विसंबू नका. फ्रान्समध्ये हिरवा, निळा, लाल, काळा; उत्तर अमेरिकेत हिरवं वर्तुळ, निळा चौकोन, काळा हिरा; जपानात हिरवा, लाल, काळा. प्रत्येक रिसॉर्ट आपल्याच उतारांची आपसांत तुलना करून रंग देतं, म्हणून एकीकडचा ब्लू दुसरीकडे घाम फोडतो. शिवाय युरोपात खुणेच्या खांबांबाहेर पाऊल टाकलं की हिमस्खलनाची जबाबदारी तुमची. उत्तर अमेरिकेत रिसॉर्टच्या हद्दीतल्या उघड्या उतारांवर गस्तवाले ते काम करतात. निसेकोत हद्दीबाहेर जायला ठरावीक गेट आहेत. गेट बंद म्हणजे बंद, दोरीखालून जायचं नाही.

माझं मत विचाराल तर निसेको. कारण तुमचे दोन नवशिके. बोर्डवर पहिले तीन दिवस माणूस शिकतो कमी आणि पडतो जास्त. टाचेवरून मागे बसतो, चवड्यावरून तोंडावर जातो. घट्ट, गोठलेल्या उतारावर हे पडणं हाडांना लागतं, मऊ बर्फावर हसण्यावारी जातं. तरी मनगटाचे गार्ड दोघांनाही सक्तीचे करा, नवशिक्या बोर्डवाल्यांची मनगटंच सर्वांत आधी जातात. आणि पहिले दोन दिवस शिक्षक लावा. मित्राला मित्राने शिकवायला गेलं की दोघांचंही डोकं फिरतं, स्वानुभव आहे.

पार्कवाला कुरकुरेल. निसेकोच्या हानाझोनो भागात पार्क आहे, व्हिसलरइतकं मोठं नाही, पण तो एकटा आणि तुम्ही बाकीचे चौघे आहात.

ब्लूवाल्या दोघांना दोन गोष्टी सांगा. झाडांत एकट्याने जायचं नाही. बुंध्याभोवती फांद्यांखाली पोकळ, भुसभुशीत खड्डा असतो. त्यात डोक्याकडून पडलेल्या माणसाला स्वतःहून बाहेर येणं जवळपास अशक्य असतं. म्हणून जोडीदार नजरेच्या टप्प्यात हवा, नुसता आवाजाच्या नाही. आणि बोर्ड भाड्याने घेताना दोन्ही बाइंडिंग एक-एक भोक मागे सरकवून घ्या, नाहीतर पावडरमध्ये (ताज्या, भुसभुशीत बर्फात) बोर्डचं पुढचं नाक बुडत राहील आणि दुपारपर्यंत मागची मांडी बोलायला लागेल.