बाळंतिणीजवळ बसायला कोण आहे?

प्रश्न : सिस्टर, आम्ही तासगाव तालुक्यातले. सुनेला आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण आमच्याकडेच केलं. सिझर होऊन आज बारा दिवस झाले. दवाखान्यात दुसऱ्याच दिवशी ‘दूध पुरत नाही’ म्हणून पावडरचा डबा लिहून दिला. आता दिवसातून चार वेळा बाटली लागते. अंगावर घेतलं की बाळ दोन मिनिटं ओढतं आणि रडतं, मग सूनही रडते. शतावरी, अळिवाची खीर सगळं चालू आहे. बाळ जन्मताना २ किलो ८०० ग्रॅम होतं. मी तिन्ही लेकरं अंगावर वाढवली, पण हिला काय सांगावं तेच कळेना.
— एक सासू

उत्तर : ताई, तुम्ही विचारलंत, याचं मला फार बरं वाटलं. या भागातल्या सरकारी दवाखान्यांत मी परिचारिका म्हणून जन्म काढला. बाळाचं दूध अवेळी तुटलेल्या कितीतरी बायका पाहिल्या. बहुतेकींना दूध होतं. पहिल्या आठ दिवसांत जवळ बसून बाळ नीट लावून देणारं माणूस तेवढं नव्हतं.

माझ्या थोरल्याच्या वेळी माझंही सिझर झालं होतं. स्वतः नर्स असून मी खाटेवर पडून रडत होते. बाळ दुसऱ्या खोलीत, त्याला ग्लुकोजचं पाणी पाजत होते. तिसऱ्या रात्री तिथल्या आयाबाईंनी बाळ उचलून आणलं, माझ्या कुशीत निजवलं, पाठीला उशी लावली आणि तासभर स्टुलावर बसून राहिल्या. पहाटे पान्हा फुटला.

दुसऱ्या दिवशी दूध कमीच दिसतं, ताई. तेव्हा येतो तो चीक, चमचा-दोन चमचे, आणि बाळाचं पोटही तेवढंच असतं. भरपूर दूध उतरायला तीन-चार दिवस लागतात, सिझरनंतर कधी थोडे जास्तच. पण बाटली आली की बाळ ओढायचं कमी होतं, आणि ओढणं कमी झालं की दूधही कमी तयार होतं. अळीव-शतावरी आवडीनं खाऊ दे. दूध वाढवतं ते मात्र बाळाचं ओढणं, रात्रीचं तर जास्तच. तिला तहान लागेल तेवढं पाणी द्या. बाळंतिणीनं पाणी कमी प्यावं हे आपल्याकडचं खूळ आता सोडून द्या.

आज दुपारी असं करा. सुनेला कुशीवर निजवा, म्हणजे टाक्यांवर भार येणार नाही. बाळ तिच्याकडे तोंड करून, पोटाला पोट लागेल असं ठेवा. स्तनाग्र बाळाच्या वरच्या ओठाला लावा आणि ते जांभईएवढं तोंड उघडेपर्यंत थांबा. तोंड उघडलं की बाळालाच जवळ ओढा. हनुवटी छातीला टेकलेली हवी, खालचा ओठ बाहेर वळलेला हवा, आणि नुसतं टोक नाही तर भोवतीचा काळा भागही बराचसा तोंडात हवा. मग कान देऊन ऐका. आधी भरभर ओढेल, नंतर सावकाश ओढ आणि मध्ये गिळल्याचा बारीक आवाज. तिला दुखत असेल तर बाळ नुसतं टोकावर आहे. ओठांच्या कोपऱ्यातून करंगळी घालून सोडवा आणि पुन्हा लावा. पाच वेळा लावावं लागलं तरी चालेल.

डबा एकदम बंद करू नका. दर वेळी आधी अंगावर, दोन्ही बाजूंना. वरचं लागलंच तर नंतर, तेही बाटलीऐवजी उकळलेल्या वाटी-चमच्यानं. पावडर जास्त पाण्यात पातळ करून पुरवू नका. परवा चौदावा दिवस. आशाताईंची घरी येण्याची ती ठरलेली भेट असते (तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस). त्यांच्याकडून वजन करून घ्या. बाळ जन्मवजनावर आलं असेल आणि पुढे आठवड्याला दीडशे ग्रॅमच्या आसपास वाढत असेल, तर वरचं दूध थोडं थोडं कमी करत चला, आरोग्य केंद्रात दाखवत. बाळ मलूल पडलं, ओढेना झालं किंवा दिवसाला सहापेक्षा कमी वेळा लघवी करू लागलं, तर वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर.

आणि बारशाला येणाऱ्या बायकांना दारातच सांगून ठेवा, ‘दूध कमी दिसतंय गं’ हे बाळंतिणीपुढे बोलायचं नाही. हे एक वाक्य पान्हा आटवतं. काळजीनं दूध उतरायचं थांबतं हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मधाचं बोटही नको, वर्षाच्या आत मध घातक ठरू शकतो. रात्री पाळण्यातून बाळ काढून आईजवळ द्यायचं काम मुलाकडे सोपवा.

दवाखान्यातल्यांनाही सांगते. डब्याची जाहिरात करणं, आयांना नमुने वाटणं याला १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि २००३ मध्ये तो कायदा आणखी कडक झाला. कधी कधी बाळाला वरचं दूध खरंच लागतं, तेव्हा डॉक्टरांनी ते जरूर द्यावं. पण चिठ्ठी लिहिण्याआधी कुणीतरी दहा मिनिटं बाळ लावून बघितलं होतं का, एवढं विचारायचा हक्क प्रत्येक घराला आहे.

प्रश्न : मी कराड तालुक्यात शिक्षक आहे. ऊसतोड टोळ्या गावाबाहेर उतरतात. तान्ही बाळं फडाच्या कडेला झोळीत असतात. गावानं काय करावं?

उत्तर : सर, त्या आयांना पाजायचं शिकवावं लागत नाही. त्यांना हवी असते सावली आणि सवड. पहाटे फडात गेलेल्या बाईला मोळ्या बांधता बांधता मध्ये बसू देणं मुकादमाच्या हातात असतं. तुम्ही आणि सरपंच मिळून त्याच्याशी बोला. फडाजवळ ताडपत्रीचा आडोसा आणि पिण्याच्या पाण्याचा ड्रम ही गावाला जड गोष्ट नाही. त्या गावच्या नसल्यामुळे आशाताईंच्या यादीत त्यांची नावं नसतात, म्हणून टोळी उतरली की त्याच आठवड्यात आशाताई आणि अंगणवाडी सेविकांना घेऊन कोप्यांवर, म्हणजे त्यांच्या झोपड्यांवर, जा. माता-बाल संरक्षण कार्ड बघायला मागा. अंगणवाडीचा आहार स्तनदा मातेला बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत मिळतो, तो त्यांना सुरू करून द्या. संध्याकाळी पाचनंतर गेलात तर बायका कोपीवर भेटतील.