आयुष्य सरतं, जीव जातो आणि दिवस भरतात

एका ताईंनी विचारलंय, वडील गेले, तेराव्याचं कार्ड छापायचंय, त्यात भावाने "आयुष्य संपले" असं लिहिलं ते त्यांना टोचलं. मग प्रश्न पडला की तेल सरतं, पीठ सरतं, तसंच आपण आयुष्य सरलं म्हणतो, म्हणजे मराठीच्या हिशोबात जगणं ही मोजून दिलेली शक्ती आहे का, टाकीतल्या पाण्यासारखी, आणि कार्डावर मग काय लिहायचं.

ताई, आधी वडिलांना नमस्कार. उत्तर अर्धं हो आहे आणि अर्धं नाही.

"आयुष्य"पुरतं हो. मूळ संस्कृत आयुस्, वेदात त्याचा अर्थ जगण्याचा जोम असाही आहे आणि जगण्याचा काळ असाही. ग्रीकमधला आयॉन, लॅटिनमधला एव्हुम हे त्याचेच भाऊबंद, आणि तिकडे अर्थ काळ, युग. आपण हा शब्द कसा वापरतो बघा, आयुष्य सरतं, वाढतं, खर्ची पडतं, वाया जातं, आणि दुसऱ्याला देतासुद्धा येतं. पोरगं तापाने फणफणलेलं असलं की आई उशाशी बसून म्हणते, माझं आयुष्य तुला लागू दे. नुसती मोजता येणारीच नाही तर उचलून दुसऱ्याच्या ताटात वाढता येणारी वस्तू आहे ती. ज्याचं नाव काढलं तोच दारात उभा राहिला की शंभर वर्षं आयुष्य आहे बघ तुला, तिथेही आकडाच, आणि म्हाताऱ्या बायका "औक्षवंत हो" म्हणतात ते औक्ष म्हणजे हेच आयुष्य, बोलून बोलून गुळगुळीत झालेलं. त्यात "वेचणे" हा एक मला फार आवडणारा शब्द, फुलं वेचतो तेव्हा ते गोळा करणं असतं आणि शाळेसाठी आयुष्य वेचलं म्हणतो तेव्हा तो खर्च असतो.

शास्त्रातही ही साठ्याची कल्पना होऊन गेलीय. रेमंड पर्ल नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२८ मध्ये मांडलं होतं की शरीर जितक्या वेगाने ऊर्जा जाळेल तितकं लवकर संपेल. पण उंदीर दोन-तीन वर्षं जगतो आणि त्याच्याएवढंच वटवाघूळ, जे उडताना कितीतरी जास्त ऊर्जा जाळतं, ते तीस वर्षांच्या वर गेल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे तो सरळ हिशोब टिकला नाही.

आता नाही कुठे ते सांगतो. "जीव सरला" असं कोणी म्हणताना ऐकलंय का? जीव जातो, येतो, जडतो, टांगणीला लागतो, जीवात जीव येतो, पण तो साठ्यासारखा सरत नाही. आणि पोराला जीव लावला म्हणून कोणाचा कमी पडला असं आपली भाषा कधी म्हणत नाही. "निवर्तले"चंही तसंच, निवर्तणे म्हणजे मागे फिरणे, परतणे. प्राण मात्र दोन्हीकडचा आहे, तो जातोही आणि मोजलाही जातो. जुन्या ज्योतिषगणितात प्राण हे कालमापनाचं एकक आहे, एका श्वासाएवढा वेळ, ६ प्राणांचं १ पळ, ६० पळांची १ घटका, ६० घटकांचा दिवस, म्हणजे दिवसाचे २१,६०० श्वास, मिनिटाला १५. स्वस्थ बसून स्वतःचे मोजून बघा, आसपासच येतील.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट आपल्या लक्षातच येत नाही, ती म्हणजे "दिवस भरले". गरोदर बाईचे दिवस भरतात आणि मरायला टेकलेल्याचेही दिवस भरतात, शब्द तोच, क्रियापद तेच. घटका भरली हेही त्यातलंच, घंगाळातल्या पाण्यावर तळाला बारीक भोक असलेली वाटी ठेवायची, ती हळूहळू भरते आणि २४ मिनिटांनी बुडते. म्हणजे शेवट झाला तो काही आटून नाही, भरून झाला.

आमची आजी सोलापुरात पूर्वभागात राहायची, आजोबा मिलमध्ये आणि ही घरी चरख्यावर यंत्रमागासाठी कांड्या, म्हणजे सूत गुंडाळायच्या छोट्या नळ्या, भरायची. उजव्या हाताने चाक फिरवायची, डाव्या हाताच्या दोन बोटांतून सूत सोडायची, त्या बोटांवर सुताने कापल्याची बारीक रेघ कायमची पडली होती. भरलेली कांडी धोट्यात, म्हणजे मागावर आडवं सूत नेणाऱ्या लाकडी होडीत, बसते, धोटा इकडून तिकडे धावतो, सूत सरतं, कांडी रिकामी होते, ती काढून दुसरी घालायची. शेवटच्या महिन्यात मी तिला उठवून बसवत होतो तेव्हा म्हणाली, राहू दे रे, माझी कांडी सरत आली. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं असं नको बोलू, तर म्हणाली, सरली म्हणजे कापडात गेली की रे, कुठं जाती. मी आजवर इतके कोश चाळले पण या प्रश्नावर याच्यापेक्षा नेमकं काही मला सापडलेलं नाही.

आपल्या सोलापूरचं भाग्य असं की हाच प्रश्न एका गल्लीत चार भाषांत ऐकायला मिळतो. कन्नडमध्ये "तीरिकोंडरु", त्यातलं तीरु म्हणजे संपणं पण फिटणंही, कर्ज फिटलं तरी "साल तीरितु" म्हणतात, साल म्हणजे तिकडे कर्ज. तेलुगूत "पोयिंडु", सरळ गेला. उर्दूत "इंतकाल", म्हणजे एका जागेवरून दुसऱ्या जागी हलणं. लिंगायत घरात "लिंगैक्य", लिंगाशी एक होणं. आणि सिद्धेश्वरांच्या देवळात गेलात तर तिथे संत सिद्धरामेश्वरांनी समाधी घेतली म्हणतात, तिथे तर शेवट हा घ्यायची गोष्ट झाली.

तर कार्डाचं. "आयुष्य संपले" चूक नाहीये ताई, भावाला तसं सांगून दुखवू नका, त्यालाही तेवढंच लागलंय. पण संपणं हे फक्त आयुष्याबद्दल बोलतं, माणसाबद्दल नाही, तुम्हाला टोचलं ते तेच असावं. मी असतो तर "आमचे वडील अमुक तारखेला निवर्तले" एवढंच लिहिलं असतं, वय आकड्यात, आणि खाली सगळ्यांची नावं, नातवंडांचीसुद्धा.