आरामाचं टार्गेट

‘मॅडम, मला आराम करायला शिकवा. रोज वीस मिनिटं देईन.’

पन्नाशीला टेकलेल्या मीनाताई (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) वही-पेन काढूनच समोर बसल्या होत्या. रिकामं बसलं की जीव खालीवर होतो, सुट्टीच्या दिवशी डोकं धरतं, संध्याकाळी ‘आजचा दिवस फुकट गेला’ म्हणून स्वतःचाच राग येतो, अशी तक्रार घेऊन हल्ली बरेच जण येतात. आरामाचं टार्गेट ठरवून आलेल्या मात्र या पहिल्याच.

राहणं डोंबिवलीला, नोकरी फोर्टमध्ये. सकाळच्या लोकलमध्ये भाजी निवडायची, परतताना कानात दीडपट वेगाने व्याख्यानं. ध्यानाचं ॲपही घेतलं होतं. सलग किती दिवस ध्यान झालं याचा आकडा ते दाखवायचं. एक दिवस चुकला, आकडा शून्यावर आला आणि बाईंची त्या रात्रीची झोप उडाली. थायरॉइड, बी-१२, रक्तदाब सगळं डॉक्टरांनी तपासलं होतं, काही निघालं नव्हतं.

‘हे बर्नआउट का?’ त्यांनी विचारलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली बर्नआउटची जी व्याख्या केली, ती फक्त नोकरीतल्या ताणापुरती आहे: थकून जाणं, कामाबद्दल मन विटणं, काम हातून नीट न होणं. मीनाताईंचं ऑफिसात उत्तम चालायचं. बिघडायचं ते रविवारी. नैराश्यही दिसत नव्हतं. (झोप, भूक आणि सगळ्यातला रस दोन आठवड्यांहून जास्त काळ गेला असेल, तर असले लेख वाचत बसू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.)

सगळ्यात आधी मी घरातल्या कामांची यादी मागितली. दोन माणसांचं काम एकटी उपसणाऱ्या बाईला ‘जरा सावकाश घ्या’ म्हणणं ही तिची चेष्टा आहे, आणि आम्ही समुपदेशक ती फार सहज करतो. एका भेटीला यजमानांना बोलावलं. सकाळचे डबे त्यांच्याकडे आणि मोठ्या मुलाकडे गेले. कुरकुर झाली, पण गेले.

मग लोकल. परतीच्या गाडीत सीएसएमटीला बसायला मिळतं. तिथून फोन पर्समध्ये ठेवायचा, हात मोकळे, कान मोकळे. ध्यान करायचं नाही, श्वास मोजायचे नाहीत. नुसतं बसायचं आणि बेचैनी कुठल्या स्टेशनला वाढते ते पाहायचं. पहिल्या आठवड्यात गाडी दादरच्या पुढे गेली नाही, की फोन बाहेर. मी सांगितलं होतं की बेचैनी चढते तशी आपोआप उतरतेही, फक्त ती उतरेपर्यंत थांबावं लागतं. आपण चढावरच फोन काढतो, त्यामुळे उतार कधी दिसतच नाही. घाटकोपर जमलं, मग ठाणे. एकदा त्या फणकाऱ्याने म्हणाल्या, ‘ठाण्यानंतर काही होत नाही. कंटाळा येतो नुसता.’ मला तेवढंच हवं होतं.

बेचैनी आली कुठून, हा प्रश्न राहिला होता. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा मीनाताई सहा वर्षांच्या होत्या. घर लालबागच्या चाळीत. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपात होते, त्यात त्यांचे वडील. आईची खाणावळ होती. जेवणारे गिरणीवाले गावी निघून गेले, खाणावळ बसली, आईने ऑफिसांचे डबे सुरू केले. शाळेतून आल्यावर मीनाताईंना दिसायचे ते गॅलरीत बसलेले बाबा. ‘बायकोच्या जिवावर बसून खातोय,’ असं मामा एकदा सगळ्यांदेखत म्हणाला होता.

आई आता ऐंशीच्या पुढे आहे आणि मीनाताईंकडेच असते. पूर्वी आई बोलायची तेव्हा या कपड्यांच्या घड्या घालत ‘हं, हं’ करायच्या. एका रविवारी काही न घेता आईजवळ बसल्या. आई तिच्या गतीने, मधेच दुसरीकडे भरकटत बोलत राहिली. दुपार गेली. त्यात कळलं की बाबा पहाटे उठून भायखळ्याच्या बाजारातून डब्यांची भाजी आणायचे आणि हिशेबही तेच लिहायचे. मुलं उठायच्या आत त्यांचं काम संपलेलं असायचं.

हे सांगताना मीनाताईंचा चेहरा उजळला होता. ‘म्हणजे बाबा रिकामे नव्हते!’

मी विचारलं, ‘आणि असते तर?’

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग रडल्या.

खरं काम तिथून सुरू झालं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली आणि आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवलेली विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती सांगते, की माणसाच्या कृतीला मार्क द्यावेत, माणसाला देऊ नयेत. ऐकायला सोपं. पण मार्क नसलेले बाबा चालतील का, हे ठरवायला मीनाताईंना आणखी काही भेटी लागल्या. स्वतःच्या बाबतीत अजून पुरतं ठरलेलं नाही.

सध्या आम्ही महिन्यातून एकदा भेटतो. सकाळच्या लोकलमध्ये भाजी निवडणं चालूच आहे. तो डब्यातल्या मैत्रिणींशी गप्पांचा वेळ, त्याला मी हात लावला नाही. ध्यानाचं ॲप मात्र गेलं. मागच्या वेळी त्यांनी विचारलं, ‘आता फाइल बंद करायची का?’ म्हटलं, दिवाळी जाऊ दे. यंदा फराळ विकत आणायचा असं घरात ठरलंय, आणि ‘निदान चिवडा तरी घरी करू का?’ हे त्यांनी मला आत्तापर्यंत दोनदा विचारून झालंय.