कात्री उचलण्याआधी

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेत साउथ डकोटात, तिथल्या मूळ रहिवासी लकोटा जमातीच्या मुलांच्या युवा केंद्रात सहा महिने राहून काम करायचं ठरवलंस, वाचून फार बरं वाटलं. "मुलांना काय काय शिकवू?" असं विचारलंयस. आधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगते.

मी अशाच एका केंद्रात होते. सात-आठ वर्षांचा एक मुलगा माळावर लोळून आला. लांब वेणीत गोखरूसारखे काटे गच्च अडकलेले. तो रडत होता, बाकीची मुलं जेवायला खोळंबली होती. मी सरळ कात्री उचलली. तिथल्या ताईंनी माझं मनगट धरलं. बोलल्या काहीच नाहीत. स्वयंपाकघरातलं तेल आणलं, त्याला पुढ्यात बसवलं आणि एकेक काटा सोडवत राहिल्या. पाऊण तास लागला. आजी न्यायला आली तेव्हा वेणी पुन्हा घातलेली होती.

लकोटा माणूस केस कापतो तो जवळचं कुणी गेलं म्हणून, शोकात. १८७९ मध्ये पेनसिल्व्हेनियात कार्लाइलची निवासी शाळा निघाली. तिथे नेलेल्या लकोटा मुलांचे आधी केस कापले, मग त्यांची भाषा बंद केली. मुलांचं भलं करतोय, असंच ती शाळा चालवणारे म्हणत होते. माझ्याही हातात कात्री भल्यासाठीच होती. ते अजून बोचतं.

तू चाललीस त्या शायेन रिव्हरच्या राखीव क्षेत्राची लाखाहून जास्त एकर जमीन मिसुरी नदीवरच्या ओआहे धरणात गेली. धरणग्रस्त म्हणजे काय, हे तुला समजावायला नको. नदीकाठची झाडी, रानफळं, औषधी वनस्पती, कारभाराचं जुनं ठाणं, सगळं पाण्याखाली. आणि कारभार ईगल ब्यूटला, उघड्या माळावर आला. त्याच गावात १९८८ मध्ये ज्युली गॅरो यांनी एका जुन्या दारूच्या गुत्त्याच्या जागेत मुलांसाठी केंद्र सुरू केलं. त्या तिथल्याच, त्याच जमातीच्या. हे नीट लक्षात ठेव. आज लहानांसाठी आणि मोठ्या मुलांसाठी वेगळ्या इमारती आहेत, दोन-अडीच एकरांची बाग आहे. २०१५ पासून भिंती रंगवणारे कलाकार तिथे जमतात. तिथल्या कला-उद्यानाला नाव दिलंय ते वर्षाला एक चित्र काढून इतिहास जपायच्या लकोटांच्या जुन्या रीतीचं. हे सगळं तुझ्याआधीपासून चालू आहे.

तेव्हा पहिला महिना शिकवायचं डोक्यातून काढ. भांडी घास, तण काढ, संध्याकाळचा खाऊ वाढ. मुलांना भूक लागलेली असते आणि ती वाढणाऱ्याला ओळखायला लागतात. गणिताची वही त्यानंतर आपोआप तुझ्यापुढे येईल. फोटो काढू नकोस, मोडक्या घरांचे तर नाहीच. एखादी आजी तुझ्याशी तुटक वागली तर मनाला लावून घेऊ नकोस. वही-पेन घेऊन आलेली पाहुणी तिनं पुष्कळ पाहिलीत. लकोटा भाषेत मुलाला वाकान्येजा म्हणतात. त्यातल्या 'वाकान'चा अर्थ पवित्र. कुठल्याही मुलाला हाक मारताना हा शब्द मनात असू दे.

आणि पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारेल, "तू कधी जाणार?" मला चौथ्या दिवशी एका मुलीनं विचारलं, टोमॅटो तोडता तोडता, माझ्याकडे न बघता. मी म्हटलं, "अजून खूप दिवस आहेत गं." तिनं पुन्हा विचारलं नाही, आणि नंतर महिनाभर माझ्याजवळ बसलीही नाही.

तू तारीख सांग. खरी तारीख. स्वयंपाकघरात कॅलेंडर असेल, त्यावर विचारणाऱ्या मुलासमोर लिही. "परत येईन" हे मात्र तिकीट काढल्याशिवाय तोंडातून काढू नकोस.

तुझी,
मावशी