जुनी अमेरिकन गाडी रिस्टोअर करून विकणं परवडतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिशिगनमध्ये राहता, गराज मोकळं आहे, जवळच शेवरोले कंपनीची 1969 ची शेव्हेल पडून आहे आणि मालक ती 'अस्सल एसएस', म्हणजे शेव्हेलचं दमदार, जास्त भावाचं रूप, असल्याचं सांगतोय. ती घ्यावी, चकाचक करावी आणि विकावी, तर चार पैसे सुटतील का?

बहुतेक नाही. गेली नऊ वर्षं मी डेट्रॉइटजवळच्या एका क्लासिक गाड्यांच्या शोरूममध्ये कागदपत्रांचं आणि जाहिरातींचं काम बघतो. त्याआधी स्वतः एकदा हात पोळून घेतलेत, ते आधी सांगतो.

फोर्डची 1966 ची मस्टँग कूपे (दोन दारांची). घेतली 9,500 डॉलरना. पत्रा, रंग, क्रोम, सीटा, ब्रेक, इंजिन मिळून आणखी 21,000 गेले. माझे दोन वर्षांचे शनिवार-रविवार यात धरलेले नाहीत, धरले तर बायको हिशेब मागेल. गाडी दिसायची मात्र अशी, की रस्त्यावर लोक थांबून बघायचे. पहिलं खरं गिऱ्हाईक आलं ते टोलेडोचे एक आजोबा. त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेलं चुंबक काढलं आणि मागच्या चाकामागच्या पत्र्यावरून सावकाश फिरवलं. वर चिकटत होतं, खाली आलं की घसरत होतं. म्हणजे तिथे पत्रा नव्हता, पुट्टी होती. मग त्यांनी पाण्याची बाटली मागितली. काचेच्या पुढे, बोनेटच्या मागे एक जाळी असते, तिथून गाडीत हवा जाते. तिच्यात पाणी ओतलं. मिनिटभराने डॅशबोर्डखाली, नव्याकोऱ्या गालिच्यावर टप टप सुरू. त्या काळच्या मस्टँगमध्ये या जाळीखालचा पत्रा हमखास कुजतो, आणि तो बदलायचा तर ढीगभर स्पॉट वेल्ड (पत्रे जोडणारे वेल्डिंगचे ठिपके) एकेक करून फोडावे लागतात. आजोबांनी झाकण लावून बाटली परत दिली, "रंग छान झालाय" म्हणाले आणि गेले. वरून कीर्तन आतून तमाशा, तोही माझ्याच पैशाने! पत्र्याचं काम मी ज्याला दिलं होतं त्याने फोन उचलला नाही. शेवटी जे आहे ते सगळं सांगून 19,000 ला विकली.

तेव्हा कळलं की रंगाला बघे मिळतात, पैसे मिळतात ते गाडीच्या ओळखीला. त्या मस्टँगच्या कारखान्यातून मिळालेल्या ओळख-नंबरातला पहिला आकडा म्हणजे साल, मग कारखान्याचं अक्षर ('एफ' म्हणजे डिअरबॉर्न), मग बॉडीचा प्रकार (07 म्हणजे कूपे), आणि पाचवं अक्षर इंजिनाचं. 'टी' असेल तर सहा सिलिंडर, 'सी' असेल तर 289 घन इंचाचं साधं व्ही-8 (आठ सिलिंडरचं इंजिन), 'के' असेल तर त्याच 289 चं 271 हॉर्सपॉवरवालं रूप. या एका अक्षराने किंमत कुठल्या कुठे जाते. मूळच्या 'टी'च्या, पण नंतर व्ही-8 बसवलेल्या गाड्या भरपूर फिरतात. ओळखायचं एक सोपं लक्षण म्हणजे चाकाचे नट मोजायचे. कारखान्यातून सहा सिलिंडरच्या गाडीला चार यायचे, व्ही-8 ला पाच. लोक इंजिन बदलतात आणि चाकं तशीच ठेवतात.

फोर्डचं 1967 पासूनचं उत्पादनाचं रेकॉर्ड शाबूत आहे, 'मार्टी रिपोर्ट' मागवला की गाडी कारखान्यातून कशी निघाली ते कागदावर मिळतं. पाँटिअॅक या ब्रँडच्या गाड्यांसाठीही तशी सोय आहे. शेव्हेलचं मात्र अवघड आहे, अमेरिकेत बनलेल्या शेवरोलेंसाठी असं सरसकट रेकॉर्ड मिळत नाही. त्यात 1966 ते 68 पर्यंत नंबरच्या सुरुवातीला 138 दिसलं की एसएस, असं तरी म्हणता यायचं. 1969 ला एसएस नुसतं एक ऑप्शन पॅकेज झालं, त्यामुळे नंबर काहीच सांगत नाही. बिल्ले, पट्टे, बोनेट, सगळं नवं विकत मिळतं. म्हणून तुमच्या मालकाचा शब्द पुरेसा नाही. कारखान्यातली बिल्डशीट (गाडीत काय काय बसवायचं त्याची यादी) बऱ्याचदा पेट्रोलच्या टाकीच्या वर किंवा सीटच्या स्प्रिंगांत अडकलेली सापडते. ती नसेल तर निदान वॉरंटीच्या पुस्तिकेतली छोटी धातूची पट्टी आहे का विचारा. इंजिनावर पुढे, प्रवाशाच्या बाजूच्या सिलिंडर हेडसमोर, सपाट जागेवर ठोकलेले आकडे गाडीच्या नंबराशी जुळतात का बघा. ती जागा घासून गुळगुळीत केलेली दिसली तर संशय घ्या, कारण आकडे नव्याने ठोकणारेही आहेत.

कागद नसतील तर जाहिरातीत सरळ 'क्लोन', म्हणजे साध्या गाडीला एसएसचं रूप दिलेली, असं लिहायचं. क्लोनलाही गिऱ्हाईक असतं, फक्त भाव वेगळा. अस्सल म्हणून विकली आणि नंतर उघडं पडलं, तर कोर्टाची पायरी चढावी लागेल.

रिस्टोअर न करणं हाही एक पर्याय आहे, आणि मला तो जास्त पटतो. 1968 च्या 'बुलिट' सिनेमात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली मस्टँग जानेवारी 2020 मध्ये फ्लोरिडातल्या किसिमीच्या लिलावात 34 लाख डॉलरना गेली, लिलावाची फी वेगळी. रंग उडालेला, गंज दिसतोय, अशा अवस्थेत. तुमची शेव्हेल काही बुलिट नाही, पण मूळ रंगाची, मूळ सीटांची गाडी उकरून नवी केली की ते मूळपण परत आणता येत नाही.

व्यवसाय म्हणूनच करायचं असेल तर मिशिगनमध्ये बारा महिन्यांत पाच किंवा जास्त गाड्या विकायला डीलरचं लायसन्स लागतं, हे आधी बघून घ्या. आणि टायटलवरचा (मालकीच्या सरकारी कागदावरचा) नंबर गाडीवरच्या पट्टीशी अक्षर-अक्षर जुळवा. 1981 च्या आधीचे नंबर सतरा आकडी नसायचे, टाइप करताना चूक झाली तरी कुणाच्या लक्षात यायचं नाही. एका गाडीत शून्याच्या जागी सहा निघाला आणि तिचा व्यवहार दोन महिने अडकला.

आपल्याकडच्या गाड्यांनी हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर टाकलेलं मीठ आयुष्यभर खाल्लेलं असतं, त्याने पत्रा गंजतो. तेव्हा शेव्हेल बघायला जाताना जुने कपडे घाला, चुंबक न्या आणि आधी गाडीखाली झोपा, बोनेट नंतर उघडा. चासी आणि डिकीची फरशी सडलेली असेल तर पुढचं काही बघू नका, तसेच घरी या. त्याच पैशात कोरड्या हवेच्या ॲरिझोनातली, गंज न लागलेली गाडी ट्रकवर घालून आणलेली परवडेल.